अशौच आणि पातक

सोवळें-ओवळें आणि सुतक हे शब्द ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले आहेत, त्या वाचकांस यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्रांतील शुद्धाशुद्धविचार अगदींच परका वाटणार नाहीं. बायबलच्या जुन्या करारांतील लेवीय व गणना या दोन ग्रंथांत तो मुख्यत्वें आला आहे. त्यांतील बारीकसारीक नियम वाचतांना प्रथम मन कंटाळतें. परंतु नीट पाहिलें असतां ध्यानांत येतें कीं, अशौच आणि पातक यांची गल्लत या शास्त्रानें होऊं दिलेली नाहीं.

हें अशौच बहुधा जन्म, मृत्यु व शरीरधर्म यांमुळें येतें. मुलगा झाल्यास मातेच्या शुद्धीस एकंदर ४० दिवस लागत, मुलगी झाल्यास ८०. प्रेतास स्पर्श झाल्यास ७ दिवस अशौच. त्यांतील तिसऱ्या व सातव्या दिवशीं तांबड्या कालवडीची राख मिसळलेलें झऱ्याचें पाणी अंगावर शिंपडावयाचें, सातव्या दिवशीं वस्त्रें धुऊन स्नान करावयाचें, आणि संध्याकाळ झाली कीं माणूस शुद्ध. आतां प्रसूत होणें हें पाप नव्हे, आणि बापाची उत्तरक्रिया करणें हें तर पुत्राचें कर्तव्यच. सामान्य याजकाससुद्धां आईबाप, मुलें, भाऊ व अविवाहित बहीण यांच्यासाठीं हें अशौच पत्करण्याची मोकळीक होती. दोष अशौच लागण्यांत नव्हता. शुद्धि टाळून तसेंच राहण्यांत व पवित्र स्थान विटाळण्यांत होता.

याहून मार्मिक नियम त्या राखेसंबंधीं आहे. जिच्यामुळें इतरेजन शुद्ध व्हावयाचे, ती राख करण्यासाठीं कालवड जाळणारा आणि ती राख गोळा करणारा, हे दोघेहि संध्याकाळपर्यंत अशुद्ध ठरत. दुसऱ्याचें अशौच फेडणाऱ्यानें त्याचा थोडा वांटा स्वतः उचलावयाचा, असाच जणूं हा दंडक.

या शास्त्रांत कठोरपणाहि आहे. त्वचेवर विशिष्ट चट्टे उठलेल्या माणसानें फाटकीं वस्त्रें नेसून, आपण अशुद्ध असल्याचें ओरडून सांगत, छावणीबाहेर एकटें राहावें, अशी आज्ञा आहे. मराठी भाषांतरांत यास महारोग म्हटलें असलें, तरी आजच्या वैद्यकांतील महारोग तो हाच असें मानतां येत नाहीं. कारण वस्त्रांस व घराच्या भिंतींसहि तो लागतो, असें तेथें सांगितलें आहे. त्या एकाकी माणसाचें वर्णन वाचून मन कळवळतें. परंतु पुढचा अध्यायहि वाचावा. तो बरा झाला म्हणजे याजकानें स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जावयाचें. दोन पक्ष्यांपैकीं एकाचा बळी देऊन दुसरा मोकळ्या रानांत सोडावयाचा. आठव्या दिवशीं त्याच्या उजव्या कानास, उजव्या हाताच्या व उजव्या पायाच्या अंगठ्यास बळीचें रक्त व तेल लावावयाचें. याजकास अधिकार देतांना रक्त लावण्याचीं स्थानें हींच. तो दरिद्री असल्यास तीन कोंकरांऐवजीं एकच कोंकरूं आणि दोन कबुतरें पुरत.

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर पाडलें, आणि तेथील बळिविधि बंद पडले. परंतु त्याच्या कित्येक शतकें आधीं यशया संदेष्ट्यानें बजावून ठेवलें होतें कीं, खरें धुणें म्हणजे दुष्कर्म सोडणें आणि अनाथ व विधवा यांस न्याय देणें.

घरांत सोवळें पाळावें कीं न पाळावें, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण एक कसोटी या जुन्या ग्रंथांतून घेण्यासारखी आहे. तेथील विटाळास कारण होतें, आणि परत येण्याची वाट होती. अमक्या कुळांत जन्मला म्हणून कोणी आमरण अशुद्ध, असें या नियमांत नाहीं. ज्या विटाळास कधीं संध्याकाळच होत नाहीं, तो आपल्या समाजांत माणसांनीं माणसांवर लादला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें त्याचें आचरण गुन्हा ठरविलें. मनांत तो कोठें दडून राहिला असेल, तर तो धुऊन काढणें मात्र प्रत्येक घराकडे आहे.