सुईणीचे नाव नोंदवहीत हवे

पावसाळा लागला की मोखाड्यातून, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून तीच बातमी येते: अडलेल्या बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले. बातमीत नसलेला पूल असतो, न आलेली रुग्णवाहिका असते. झोळी उचलण्याआधी तिच्या उशाशी बसलेली सुईण मात्र नसते. सरकारदरबारीही ती जवळजवळ नाहीच.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि सगळा भर दवाखान्यातल्या बाळंतपणावर गेला. ते योग्यच झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण त्या ओघात दाईंचे प्रशिक्षण मागे पडले. उरलेल्यांत जी डोंगरातली बाई आहे, तिच्या हाताशी आजही दाई असते, नाहीतर सासू. यादीतून वगळल्याने दाईचे काम थांबले नाही. तिला नवे ब्लेड, हातमोजे आणि अडल्या वेळी फिरवायचा नंबर देणारे कोणी उरले नाही, एवढेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. राज्यांनीही आपापले आयोग नेमायचे आहेत. त्याआधी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी नर्सिंग शिकलेल्यांसाठी १८ महिन्यांचे मिडवाइफरी प्रशिक्षण ठरवले. सरळ बाळंतपण या सिस्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावे, हा त्यामागचा हेतू. राज्यात चारांतले एक मूल सीझरने जन्मते, तेव्हा त्यांची गरज शहरालाही आहे. पण अठरा महिने शिकून आलेल्या सिस्टरला पुन्हा जनरल वॉर्डात ड्यूटी लावायची असेल, तर परवान्याचा कागद कपाटातच राहील.

आणि दाईचे काय? अडाणी बाईच्या हाती जीव कसा द्यायचा, हा डॉक्टरांचा आक्षेप जुना आहे. त्याचे उत्तर गडचिरोलीत मिळाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी जेमतेम शाळा शिकलेल्या गावच्या बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायला शिकवले. बालमृत्यू कसे घटले ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्या बायांना काम नेमून दिलेले होते, मर्यादा ठरलेल्या होत्या आणि वर देखरेख होती. दाईचेही नाव नोंदवहीत घेऊन तिला असाच मर्यादित परवाना द्यावा. ती बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाईल, वाटेत वेळ आलीच तर बाळ सुखरूप हाती घेईल. कळांचे इंजेक्शन मात्र कदापि देणार नाही. ठरावीक मुदतीने तिची उजळणी व्हावी. घरी बाळंतपण केले म्हणून दंड लावू नये, कारण त्या भीतीने ती लपवेल आणि अडलेली बाई आणखी उशिरा पोहोचेल.

सुईणीने बाईला कधी पुढे पाठवले, हे तपासायचे असेल, तर १०८ ची रुग्णवाहिका किती वाजता आली आणि तालुक्याच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेतले की पुढे हाकलले, हेही त्याच नोंदवहीत लिहिले जावे.