रोजचा एक दाणा

दाण्याच्या कुटाशिवाय मराठी स्वयंपाकघर महिनाभर चालवून बघा. मनातल्या मनातच बघा, प्रत्यक्ष नको. साबुदाण्याची खिचडी गेली, काकडीची कोशिंबीर गेली, भरली वांगी, अळूचं फदफदं, भगरीबरोबरची दाण्याची आमटी, चिवडा, चिक्की, सोलापूरकडची चटणी.. यादी संपतच नाही. भाजी जरा पातळ झाली की आपला हात आपोआप कुटाच्या डब्याकडे जातो. आमच्या न्यू जर्सीतल्या घरात हा डबा २०१६ पासून नाही. लेक सव्वा वर्षाची असताना दाण्याने तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, आणि तपासण्यांनंतर शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे नक्की झालं. आता ती पाचवीत आहे.

आज लिहायला बसले ते दोन वाक्यांमुळे. पहिलं जुनं आहे: "अगं, एवढ्याशाने काय होतंय?" दुसरं गेल्या दोन वर्षांतलं: "आता खाते ना ती दाणे? मग दे की थोडा चिवडा."

आधी दुसऱ्याचं सांगते, कारण त्यात गैरसमज जास्त आहे आणि तो स्वाभाविकही आहे. हो, लेक रोज दाणा खाते. मोजून ३०० मिलिग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन, म्हणजे साधारण एका दाण्यात असतं तेवढं. संध्याकाळी पोटात काहीतरी गेल्यावर दही-साखरेत ही पूड कालवून द्यायची. त्यानंतर दोन-तीन तास पळापळ नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही, लगेच झोपणंही नाही. ताप आला, पोट बिघडलं, की आधी डॉक्टरांना फोन. सुरुवात झाली ती दवाखान्यात, अर्ध्या मिलिग्रॅमपासून. अर्धा मिलिग्रॅम! सोनारालाही तो तागडीत दिसायचा नाही. मग दर दोन आठवड्यांनी डॉक्टरांसमोर मात्रा वाढवायची. ३०० पर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त लागले, आणि त्या काळात पोटदुखीच्या, तोंड खाजण्याच्या तक्रारी किती ऐकल्या त्याचा हिशोब ठेवला नाही. या प्रकाराला इम्युनोथेरपी म्हणतात. अमेरिकेत त्यासाठीच्या पहिल्या औषधाला जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओमालिझुमॅब हे मूळचं दम्याचं इंजेक्शनही अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्य झालं.

पण एवढं करून मिळतं काय? चुकून एखादा कण पोटात गेला तर जिवावर बेतू नये, एवढीच तजवीज. ॲलर्जी जाते असं नाही. रोजचा डोस काही दिवस चुकला तर कमावलेलंही ओसरू शकतं. म्हणजे रोज एक दाणा खाणारी मुलगी चिवडा खाऊ शकत नाही, आणि हे वाक्य फोनवर समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट होते. कुणी कृपा करून "मग आम्हीही आमच्या नातवाला घरीच थोडं थोडं देतो" असं करू नका. हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचं कामच नाही.

आता "एवढ्याशाने काय होतंय". मागच्या खेपेला पुण्यात एका घरी अगदी प्रेमाने चिवड्याची वाटी पुढे आली. "दाणे वेचून काढलेत गं सगळे, एकही सापडायचा नाही." खरंच नव्हता सापडत. बिचारीने किती वेळ घालवला असेल त्यात! पण दाणे ज्या तेलात तळले त्याच तेलात पोहे तळलेले, ज्या परातीत कालवले त्याच परातीतले. दाणा दिसत नाही म्हणजे तो गेला असं नसतं. तेलाचंही तसंच. कारखान्यातल्या रिफाइंड शेंगदाणा तेलातून प्रथिन जवळजवळ सगळं निघून जातं, त्यामुळे ते बहुतेकांना सोसतं. पण हल्ली सगळीकडे कौतुकाने आणतात ते लाकडी घाण्याचं तेल गाळीव असलं तरी त्यात प्रथिन राहू शकतं. म्हणजे घरात जे "शुद्ध" म्हणून आणलं तेच आमच्यासाठी जास्त धोक्याचं. आणि काजूकतलीत सगळीकडे काजूच असतो असं समजू नका, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे!

"आमच्या वेळी नव्हत्या बाई असल्या ॲलर्ज्या," हेही ऐकायला लागतंच. यावर मी पूर्वी चिडायचे, आता चिडत नाही, कारण त्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने दाखवून दिलं, की इस्राएलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी दहापट आहे. तिकडे बाळं दात यायच्या वयातच दाण्याचे कुरकुरे चघळतात. मग त्यांनी ६४० तान्ह्या मुलांवर प्रयोग केला, तो २०१५ मध्ये छापून आला. दाणे टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १७ टक्क्यांहून जास्त मुलांना ॲलर्जी होती, लवकर खाऊ घातलेल्यांत ३ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा आज्या बाळाच्या जिभेला सगळं चाटवत होत्या ते वाया नव्हतं, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. फक्त ते ॲलर्जी होण्याआधीचं झालं. झाल्यावर चाटवणं म्हणजे आगीत तेल.. घाण्याचं!

आणि "दाण्यांशिवाय खिचडी म्हणजे खिचडीच नव्हे" म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच. मिरची अमेरिका खंडातली. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. आपला पिढीजात उपास साता समुद्रापलीकडून आलेल्या सामानावर चाललाय. मग त्यातल्या एकाच्या जागी ओलं खोबरं घातलं तर कुठला धर्म बुडतो? सासूबाईंनी तर पहिल्याच वर्षी मिक्सरचं वेगळं भांडं घेतलं, त्यावर लाल दोरा बांधला आणि नारळाची खिचडी करायला लागल्या. आता त्यांच्या भिशीतल्या बायकाही करतात म्हणे.

आग्रह हा आपल्याकडे पाहुणचाराचा मापदंड. पानात वाढलेलं नाकारलं की वाढणाऱ्याचा जीव दुखावतो, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पाच मावश्यांसमोर "नको" म्हणताना आवाज काढावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: अशा वेळी मुलाने शूर व्हावं ही अपेक्षाच चुकीची, मोठ्यांनी थांबावं. एका मावशींनी मागच्या वेळी लाडवाचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "विकतचे आहेत, यात काय आहे मला माहीत नाही, तिला देऊ नकोस." इतका सुंदर पाहुणचार मला त्या महिन्याभरात दुसरा मिळाला नाही.

असो. दिवाळीत आम्ही येतोय. लेकीचा डबा आम्ही आणू, तुमचा फराळ तुम्ही आमच्यासमोर खुशाल खा, नुसत्या वासाने सहसा काही होत नाही. खाल्ल्यावर हात मात्र साबणाने धुवा, सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन जात नाही. माझ्या खांद्यावरच्या निळ्या पिशवीत ॲड्रिनलिनची दोन पेनं असतात. ती पिशवी "पसारा" म्हणून कपाटात ठेवू नका. लेकीला अचानक धाप लागली, आवाज घोगरा झाला, चक्कर आली, किंवा अंगावर गांधी आणि उलट्या एकदम सुरू झाल्या, तर मी जवळ असेन-नसेन, पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यांवरूनच दाबायचं. तिला आडवं करून पाय उंच करायचे. धाप असेल तर टेकून बसवायचं, पण उठवून चालवायचं नाही. मग १०८ ला फोन. पाच-दहा मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरं पेन. आधी सेटिरिझिन देऊन वाट बघत बसू नका, त्याने खाज कमी होते, श्वास सुटत नाही. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी त्रास उलटू शकतो. आल्या दिवशी चहानंतर मी सगळ्यांना सरावाचं पेन दाखवणार आहे, त्यात सुई नसते, तेव्हा काकांनी घाबरू नये.