तिसऱ्या वर्षी शाखा बदलावी काय?

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या घरांतील मुले-मुली आज कॉलेजात शिकत आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु त्याबरोबर एक नवा प्रश्नही घरात आला आहे. पदवीचे दुसरे-तिसरे वर्ष चालू असताना मुलगा किंवा मुलगी म्हणते, "हा विषय माझा नाही, मला शाखा बदलायची आहे." मग वडील संतापतात, आई रडते आणि रागाच्या भरात काहीतरी ठरून जाते. आम्ही स्वतः या प्रसंगातून गेलो आहोत, म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

आमची भाची बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात आहे, विषय रसायनशास्त्र. तिच्या वडिलांचे यंत्रमाग आहेत. सुताची खरेदी, ताक्यांची विक्री, कामगारांची मजुरी, जी.एस.टी. हा सारा हिशोब संध्याकाळी तीच लिहिते आणि त्यात एका पैशाची चूक नसते. दिवाळीच्या सुटीत ती म्हणाली, "मी बी.एस्सी. सोडते. पुढच्या वर्षी बी.कॉम.ला नाव घालते." आमचे बहनोई भडकले. "तीन वर्षांची फी पाण्यात घालायची? मग कॉलेजच बंद, घरी बस!"

वडीलधारे म्हणून आम्हाला बोलावणे आले. आम्हीही आधी बहनोईंचीच बाजू घेतली. तेव्हा भाची म्हणाली, "मामू, मंदीत तुम्ही खरेदीच्या भावाखाली ताके विकले होते, ते का?" आम्ही म्हणालो, "बाजार पडला होता. खरेदीचा भाव धरून बसलो असतो तर माल गोदामात कुजला असता." ती म्हणाली, "मग माझ्या बाबतीत खरेदीचा भाव का धरता?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. गेलेली फी कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही. हिशोब मांडायचा तो पुढचा: किती वेळ उरला आहे, किती पैसा लागेल आणि हाती काय येईल. दुकानात आपण हे रोज करतो, घरात मात्र विसरतो.

पण मग तोच पुढचा हिशोब आम्ही तिच्यासमोर मांडला आणि तो तिच्याही मनासारखा निघाला नाही. पदवीला एक सत्र आणि थोडे दिवस उरलेले. बी.कॉम.ला गेली तर पुन्हा पूर्ण तीन वर्षे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात मुख्य विषय बदलण्याची मुभा आहे, पण ती पहिल्या वर्षाच्या शेवटी आणि त्याच विद्याशाखेत. तिसऱ्या वर्षी बदल म्हणजे बहुधा नव्याने सुरुवातच.

आम्ही तिला विचारले, "बेटा, तुला बी.कॉम.चा कागद हवा की हिशोबाचे काम?" ती म्हणाली, "मला सी.ए. व्हायचे आहे." चौकशी केली तेव्हा कळले की सी.ए.साठी बी.कॉम.ची अटच नाही. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर पदवीधराला ६० टक्के गुण असतील तर फाउंडेशन परीक्षेतून सूट मिळते व थेट इंटरमीजिएटला नाव घालता येते. म्हणजे जी पदवी ती फेकायला निघाली होती, तीच तिच्या कामाची होती.

यावरून आमचे मत असे झाले आहे. वर्षभर किंवा त्याहून कमी उरले असेल आणि विषय झेपत असेल, तर पदवी पुरी करावी व वाट पुढे बदलावी. तीन वर्षांचे एल.एल.बी., एम.बी.ए., स्पर्धा परीक्षा यांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. गुणांची अट तेवढी आधी पाहावी. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यासही आयोगाची मुभा आहे. एक नेहमीच्या कॉलेजातून, दुसरी मुक्त विद्यापीठातून करता येते.

मात्र मुलगा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच अडकला असेल, ए.टी.के.टी. साचत चालली असेल आणि हव्या त्या कामाला दुसरीच पदवी लागत असेल, तर वडिलांनी हट्ट धरू नये. बी.एस्सी.वाल्याला पुढे फार्मासिस्ट व्हायचे असेल तर बी.एस्सी. पुरी करून ते होणार नाही. अशा वेळी लवकर बदलणे हेच स्वस्त. मात्र रिकाम्या हाताने निघू नये. नव्या पद्धतीत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्याच्या अटी आणि शिष्यवृत्तीचे काय होईल, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारावे. मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नये.

आणखी एक गोष्ट बंधूंनी मनावर घ्यावी. मुलगा दोन वर्षे चुकला तर आपण म्हणतो, शिकेल हळूहळू. मुलीने शाखा बदलायचे नाव काढले की तिची तालीमच बंद करायला निघतो. हा न्याय नव्हे. बहनोईंचा राग फीचा कमी आणि "लोक काय म्हणतील" याचा अधिक होता, हे नंतर त्यांनीच कबूल केले.

आता ठरले ते असे. भाची बी.एस्सी. पुरी करील आणि ६० टक्क्यांच्या खाली येणार नाही. बहनोई निकालानंतर सी.ए.ची फी भरतील आणि मध्येच लग्नाची घाई करणार नाहीत. दोघांनीही आम्हाला जबान दिली आहे. बाजारात आम्ही अनेकांचे जामीन राहिलो, काही वेळा बुडालोही. या सौद्यात बहनोईंचे जामीन आम्ही आहोत. त्यांनी हात आखडला तर फी आम्ही भरू, हे त्यांना तिच्यासमोरच सांगून ठेवले आहे.