रॉयल्टीचं भांडण आणि खडी फोडणारे हात

खाणपट्टेवाला म्हणतो, सरकार लुटतं. सरकार म्हणतं, खाणपट्टेवाला चोर. दोघं कोर्टात. आणि आपली पोरं विचारतात, आपण कुणाच्या बाजूचे?

दोस्तहो, आधी भांडण समजून घ्या. दगड म्हणजे गौण खनिज. काढायचा तर ब्रासमागे, म्हणजे 100 घनफुटांमागे, रॉयल्टी भरायची. महाराष्ट्रात 2021 साली 400 चे 600 रुपये झाले. वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे 10 टक्के. चोरून काढला तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. देशभर दावे या वरच्या आकारांवरूनच. 25 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी आठ विरुद्ध एक असा निकाल दिला : रॉयल्टी हा कर नव्हे, राज्यं वेगळा कर लावू शकतात. 14 ऑगस्टला सांगितलं, 1 एप्रिल 2005 पासूनची बाकी वसूल करता येईल, पण 1 एप्रिल 2026 पासून 12 वर्षांच्या हप्त्यांनी. निकालाआधीच्या मागणीवरचं व्याज माफ, दंड माफ.

बारा वर्षं! मुकादमाची उचल घेतलेल्या वडाराला कुणी बारा दिवस तरी देतं का?

मी पैठणचा. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात गावंच्या गावं खडी फोडायला बसली. माझी आजीही बसली. तिच्या तळहाताची रॉयल्टी कुठल्या तहसिलात जमा झाली? आज मी मुंबईच्या गोदीत आहे. इथंही माल मोजतात, पाठ मोजत नाहीत.

योगायोग बघा. 1952 च्या खाण कायद्यातलं कलमही 48 च. त्यात कामावरच्या माणसांची नोंदवही ठेवायची सक्ती होती. नोव्हेंबर 2025 मध्ये तो कायदा नव्या संहितेत विरला. दगडाचं 48 मात्र जागेवर आहे.

माझं मत सरळ आहे. आकार राहू द्या. मालक रडतो, मग म्हणतो मजुरी कापतो. त्या रडण्याला भुलू नका. पण सरकारलाही सोडू नका. खाणीची झळ बसलेल्यांसाठी हा खनिज निधी, असं 2015 ची दुरुस्तीच सांगते. मग धूळ खाणाऱ्या वस्तीत दवाखाना कुठंय? पाणी कुठंय?

माहितीचा अर्ज कलेक्टर कचेरीत टाका. किती जमा, कुठं खर्च, कुणाच्या वस्तीत, लेखी मागा. एकट्यानं जाऊ नका. खाणीवरच्या बाया-माणसांना सोबत घ्या.