बचत कोणाची, उत्तर कोणी द्यायचे?

मुंबईकराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातून येतो. तानसा, मोडकसागर, भातसा ही नावे महानगराला पाठ आहेत. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील गावे बुडवून बारवी धरणाची उंची वाढविली गेली, तेव्हा कल्याण-डोंबिवलीपासूनच्या शहरांची तहान भागली. या दोन तालुक्यांनी शहरांना काय दिले, याचा हिशेब लिटरमध्ये मिळतो. शहरांनी त्यांना काय परत केले, याचा हिशेब मात्र पावसाळ्यात अधूनमधून वृत्तपत्राच्या आतल्या पानावर छापून येतो. रस्ता नसलेल्या पाड्यावरून गर्भवतीला झोळीत घालून आणले, वाटेतच प्रसूती झाली, बाळ दगावले.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, आरोग्यक्षेत्रातील तज्ज्ञ मंडळींत सध्या एका आयात कल्पनेचे मोठे कौतुक चालू आहे. प्रत्येक तपासणीचे आणि शस्त्रक्रियेचे वेगळे पैसे मोजण्याऐवजी काही हजार लोकांच्या आरोग्याचे उत्तरदायित्व डॉक्टर-रुग्णालयांच्या एका गटावर सोपवायचे. वर्षअखेर खर्च अपेक्षेपेक्षा कमी झाला आणि गुणवत्ताही राखली गेली, तर बचतीतला वाटा त्या गटाला द्यायचा. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने ही वाट मोकळी केली आणि २०१२ पासून वृद्धांच्या सरकारी विम्यात ती प्रत्यक्षात आली. रुग्णाची संगणकीय नोंद एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जावी, ही या रचनेची दुसरी बाजू.

जिथे एकेका रुग्णावर गरजेपेक्षा कितीतरी अधिक खर्च होतो, त्या देशासाठी हा विचार चुकीचा नाही. पण तो जसाच्या तसा उचलून डोळखांब किंवा टोकावड्याच्या परिसरात आणून ठेवला, तर काय होईल? तिथे सर्वांत स्वस्त रुग्ण कोण? जो दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही तो. घरी, कुडाच्या भिंतीआड तापाने गेलेल्या कातकरी मुलावर शासनाचा एक रुपयाही खर्च होत नाही. ‘बचत’ हा निकष लावला, तर हे मूल आदर्श लाभार्थी ठरेल! जिथे खर्चच तोकडा आहे, तिथे खर्च वाचविणाऱ्याला बक्षीस देणे म्हणजे उपाशी माणसाच्या उपासाचे श्रेय वाढप्याला देणे होय.

आपल्याकडची आजची रचना दुसऱ्या टोकाची आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेलेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि २०२० मध्ये राज्यात दोन्हींची सांगड घातली गेली. हृदयशस्त्रक्रियेसाठी घरदार विकण्याची वेळ या योजनांमुळे ज्यांच्यावर आली नाही, अशी कुटुंबे आज गावोगावी आहेत. हे कोणी नाकारू नये. पण या योजनेतला पैसा हलतो तो माणूस खाटेवर आडवा झाल्यानंतर. गर्भवतीचा पंडुरोग चौथ्या महिन्यात ओळखणे, क्षयरुग्णाला सहा महिने गोळ्या चुकू न देणे, वीटभट्टीवर गेलेल्या बाळाचे लसीकरण गाठणे, यांपैकी कशालाही तिथे दरपत्रक नाही. ज्याला दर नाही त्याला वाली नाही, असा व्यवहाराचा नियम आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्यांतील अनेक जण अत्यवस्थ अवस्थेत, उशिरा आणले गेले होते, असे तेव्हा सांगण्यात आले. हे स्पष्टीकरण खरेही असेल. परंतु मग तो ‘उशीर’ कोणाच्या खात्यावर मांडायचा? ग्रामीण रुग्णालय म्हणते, आम्ही वेळेत पुढे पाठविले. उपजिल्हा रुग्णालय म्हणते, आमच्याकडे विशेषज्ञ नव्हता. रुग्णवाहिका म्हणते, बोलावणे आले तेव्हा निघालो. प्रत्येकाची नोंदवही स्वच्छ आहे आणि माणूस गेला आहे. उत्तरदायित्वाची रचना हवी ती या साखळीसाठी. आणि ती आणायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

सत्तरच्या दशकात, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या आणि तेव्हा ठाण्यातच मोडणाऱ्या कासा येथे डॉ. पी. एम. शाह यांनी गावातल्याच स्त्रियांना अर्धवेळ आरोग्यसेविका म्हणून उभे केले. त्या घरोघर जाऊन बालकांची वजने करीत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून तेच केले. गडचिरोलीत बंग दांपत्याने नवजात बाळाची घरी काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली आणि २०११ मध्ये ती देशाने स्वीकारली. या सर्वांत एक समान सूत्र होते. अमुक गावातले प्रत्येक मूल आमचे, ते जगले तरी आमचे आणि गेले तरी जाब आमचा. दरडोई ठरावीक रकमेवर डॉक्टरकडे माणसे सोपविण्याची पद्धतही आपल्याला नवी नाही. कामगार विमा योजनेतील पॅनेलवरच्या डॉक्टरांना याच तत्त्वावर मोबदला दिला जात आला आहे. गिरणीकामगारांच्या घरांत त्या डॉक्टरांबद्दल बऱ्यावाईट अशा दोन्ही आठवणी निघतील, कारण माणसे नावावर आहेत पण तपासायला कोणी विचारत नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली. दरडोई पैसा देऊन जाब न विचारणे हा त्या पद्धतीतला धोका आहे, आणि तो आपण अनुभवाने जाणतो.

आता नोंदींकडे वळू. माता-बालकांची नावानिशी संगणकीय नोंद २००९ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून चौदा अंकी आरोग्य ओळखक्रमांक आला. चांगली गोष्ट आहे. पण दिवाळीनंतर मुरबाडच्या पाड्यावरून भिवंडी-कल्याणच्या वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाबरोबर तो क्रमांक खरोखर जातो का? भट्टीजवळच्या आरोग्यसेविकेला ही बाई सातव्या महिन्यात आहे, तिचे रक्त कमी आहे, हे कळते का? ठाण्याहून घरी सोडलेल्या रुग्णाचा कागद त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पोहोचतो का? नोंदींचा उपयोग इथे आहे. त्याऐवजी २०२३ मध्ये आलेल्या प्रोत्साहन योजनेत मर्यादेपलीकडील प्रत्येक डिजिटल नोंदीमागे २० रुपये ठरविले गेले. आरोग्यवर्धिनी केंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या मूळ रचनेतही ठरावीक मानधनावर महिन्याला १५ हजार रुपयांपर्यंतचा मोबदला निर्देशकांवर टांगला गेला. निर्देशक कशाचे, तर बहुतांशी किती तपासले, किती नोंदविले याचे. परीक्षेत उत्तरापेक्षा पुरवण्या मोजल्या, तर विद्यार्थी पुरवण्याच भरणार! त्यात त्या तरुण मुलामुलींचा दोष किती?

आपल्या विचाराचे शासन आहे म्हणून हे बोलू नये, असे काही मित्र सुचवितात. अंत्योदयाचे नाव घेणाऱ्यांनी शेवटच्या पाड्यावरची स्थिती प्रथम बोलली पाहिजे, इतकेच मी त्यांना सांगतो. २००७ मध्ये आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीचा प्रयोग राज्यातील ज्या पाच जिल्ह्यांत झाला, त्यांत ठाणे होते. गावकरीच केंद्राला गुण देत, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडत. तो चालविणाऱ्यांपैकी अनेक संस्था विचाराने आपल्यापासून दूरच्या होत्या. म्हणून त्यातले चांगले नाकारण्याचे कारण नाही. उलट वनवासी भागात वर्षानुवर्षे सेवाकार्य करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही पद्धत अधिक नेटाने चालवायला हवी होती. आपण औषधे वाटली, शिबिरे घेतली, जाब विचारण्याचे काम मात्र दुसऱ्यांवर सोडले.

तालुका हा घटक धरावा. उपकेंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंतच्या सर्वांना मिळून त्या तालुक्यातील माणसांसाठी, स्थलांतरितांसह, दरडोई ठरावीक निधी द्यावा. प्रोत्साहन द्यायचेच तर ते एकट्यादुकट्याला नव्हे, सगळ्या साखळीला द्यावे. ते वाचलेल्या खर्चावर नव्हे, तर पहिल्या वर्षी जगलेल्या बाळांवर, पूर्ण बऱ्या झालेल्या क्षयरुग्णांवर ठरवावे. आणि आकडे पोर्टलवरून न घेता ग्रामसभेत वाचून दाखवावेत, कारण कोणाच्या घरचे बाळ गेले हे गावाला ठाऊक असते.

यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागेल. पण एवढे आजही करता येईल. शहापूर-मुरबाडमधील स्वयंसेवकांनी येत्या ग्रामसभेत आरोग्य कर्मचाऱ्यांना, आवाज न चढविता, दोन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षभरात आपल्या गावात आणि पाड्यांवर किती बाळे दगावली? आणि त्यांपैकी किती तुमच्या नोंदीत आहेत?