करडा सदरा आणि बनियन

मेरी किंग्जले या इंग्रज बाईचं नाव निघालं की सगळे एकच किस्सा सांगतात. आफ्रिकेच्या जंगलात जनावरासाठी खणलेल्या खड्ड्यात ती पडली, खाली टोकदार खुंट, आणि अंगातल्या जाड घागऱ्यानं वाचली. किस्सा तिनंच लिहिलाय, झकास लिहिलाय. पण दोस्तहो, घागऱ्याला टाळ्या वाजवून झाल्या असतील तर पुढचं बोलू.

बाईची हिंमत कोण नाकारतो? जन्म १८६२ चा. बाप डॉक्टर, आई त्याच्याच घरात कामाला होती. लग्न लागलं ते पोरगी जन्मायच्या फक्त चार दिवस आधी. पुढं भाऊ केंब्रिजला गेला, हिला शाळा नाही. बापाच्या कपाटातली पुस्तकं वाचून शिकली. आजारी आईचं करता करता तिशी गाठली. १८९२ साली आईबाप काही आठवड्यांच्या अंतरानं गेले, आणि १८९३ ला ही बया मालवाहू बोटीवर चढून पश्चिम आफ्रिकेला निघाली. दुसऱ्या खेपेला ओगोवे नदी, फांग लोकांचा मुलूख, कॅमेरूनचा डोंगर. कापड, तंबाखू, मासे धरायचे गळ द्यायची, बदल्यात रबर नि हस्तिदंत घ्यायची. १८९७ ला ७०० वर पानांचं पुस्तक आलं नि नाव गाजलं. कामवालीच्या पोटची, बिनशाळेची. एवढ्यापुरती आपल्याच चाळीतली वाटते.

आता तिचा विचार बघा. मिशनरी म्हणायचे, काळा माणूस मागं राहिलाय, त्याला ओढून वर आणू. ही म्हणाली, तो मागंबिगं नाही, तो मुळातच निराळा. त्याचा कायदा, त्याची जमीन, त्याचे देव, हात लावू नका. ऐकायला गोड. भलेभले डोलतात. पण मुळातच निराळा म्हटलं की दाराला बाहेरून कडी. ही कडी आपल्या ओळखीची आहे. सगळे वर्ण सारखेच, फक्त ज्यानं त्यानं बापाचा धंदा करावा, असं मऊ आवाजात सांगणारे महात्मे आपण ऐकलेत. आणि बाईनं हेच माप बायकांनाही लावलं. बाई पुरुषापेक्षा निराळी, तिला मताचा हक्क नको! जिला शाळा मिळाली नाही तिनं हे म्हणावं.

तिच्या पुस्तकात नदीवर होडी हाकणारे, वाट दाखवणारे लोक आहेत. काहींची नावं आहेत, न्गुटा, किवा, विकी. बाकीच्यांना तिनं टोपणनावं दिली: करडा सदरा, बनियन, मौनी, पाखंडी. यातला करडा सदरा तर घरदारवाला माणूस, त्याच्याच घरी ही मुक्कामाला राहिली. तरी तो सदराच. पुस्तकभर त्याच नावानं चालतो. आमच्याकडं मुकादम बिल्ल्याचा नंबर घेऊन हाक मारतो. आज्याचं नाव कचरू कुणी ठेवलं, हेही विचारा कधीतरी. तिनं नदीतून मासे धरून नेले, त्यातल्या तीन जातींना शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं.

तिची बाजू घेणारे म्हणतील, १८९८ साली सिएरा लिओनमधल्या झोपडीपट्टीला विरोध केला तो तिनंच ना! (झोपडीपट्टी म्हणजे आपली वस्ती नव्हे, झोपडीमागं बसवलेला कर.) केला, खरंय. आफ्रिकेच्या रीतीत घराचा कर म्हणजे घर हिसकावणं, हे तिला कळलं होतं. पण ती लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची बाजू मांडत होती. पामचं तेल, रबर बोटीवर चढत राहावं, कारभार साहेबाच्या हातून जाऊन शेठच्या हातात यावा. तिथं दारू विकायलाही तिची ना नव्हती.

१९०० साली सायमन्स टाउनला बोअर कैद्यांची शुश्रूषा करताना तापानं गेली, सदतिसाव्या वर्षी. तिच्या आठवणीसाठी पुढच्याच वर्षी लंडनमध्ये संस्था निघाली.

त्या कराविरुद्ध जागेवर बंदूक उचलली ती तेम्ने लोकांच्या बाय बुरेनं. इंग्रजांना महिनोन्‌महिने रानात फिरवलं, मग पकडला गेला, गोल्ड कोस्टला हद्दपार झाला, १९०५ ला परत आला. त्याच्याबद्दल कुणाला काही मिळालं तर या अंकासाठी लिहून पाठवा.