मातेची प्रश्नपत्रिका

प्रश्नपत्रिका म्हटली कीं आपणांस धडकी भरते. परंतु दहाच प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका अशी आहे, कीं जींत कोणी उत्तीर्ण होत नाहीं व अनुत्तीर्णहि होत नाहीं. वैद्यकीय शिक्षणांत तिला मानाचें स्थान मिळावें, असें माझें मत आहे.

घरांत पाळणा हालला कीं पेढे वांटले जातात, बारशाची तयारी चालते. अशा वेळीं बाळंतीण कोपऱ्यांत अश्रु ढाळूं लागली, तर "सोन्यासारखें मूल झालें, आणि ही रडते कशाला?" असें म्हणून आपण तिला कृतघ्न ठरवितों. हा अन्याय होय. प्रसूतीनंतरची विषण्णता हा एक रोग असून त्यावर उपाय आहे.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डॉ. जॉन कॉक्स यांनीं ह्या विषयास वाहून घेतलें. युगांडांतील २६३ निमग्रामीण स्त्रियांची पाहणी करून गर्भारपण व मनोविकार यांविषयींचा निबंध त्यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केला. १९८७ सालीं जेनिफर होल्डन व रूथ सागोव्हस्की यांच्या सहकार्यानें त्यांनीं 'एडिंबरा' नांवाची प्रश्नावली सिद्ध केली. गेल्या सात दिवसांत हंसूं आलें काय, उगाच भीति वाटली काय, असे साधे प्रश्न. शेवटचा मात्र जिवाचें बरेंवाईट करण्याच्या विचारासंबंधीं. ते कील विद्यापीठांत प्राध्यापक होते, व १९९९ ते २००२ ह्या काळांत ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायकिआट्रिस्ट्सचे अध्यक्ष होते.

पण पदांहून त्यांचें मोठें कार्य हें, कीं तज्ज्ञाच्या दालनांतील ज्ञान त्यांनीं घरोघर जाणाऱ्या परिचारिकेच्या हातीं दिलें. ह्याच तिघांनीं १९८९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. थोडें शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनीं आठवड्यास एकदां, असें आठ वेळां जाऊन मातांचें मन ऐकून घेतलें. तेव्हां २६ पैकीं १८ माता पूर्ण बऱ्या झाल्या. ज्यांस ह्या भेटी मिळाल्या नाहींत, त्या २४ पैकीं बऱ्या झाल्या ९.

कोणी म्हणेल, "हे श्रीमंत देशांचे चोचले, आमच्या स्त्रियांचें दुःख दारिद्र्याचें, तें प्रश्नांनीं कसें फिटणार?" ह्यांत अर्धें सत्य आहे. गोव्यांत हीच प्रश्नावली कोंकणींत वापरून केलेली पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनीं २३ टक्के मातांस विषण्णता आढळली. आणि दारिद्र्य, पतीशीं बेबनाव व मुलगी जन्मणें यांशीं तिचा संबंध दिसला. प्रश्नांनीं दारिद्र्य हटत नाहीं हें खरें; पण कोणी विचारलेंच नसतें, तर मुलीच्या जन्मानें घरांत उमटलेली नाराजी मातेस आजारी करते, हें आपणांस कळलें असतें काय? येथें रोग मातेचा, परंतु दोष घराचा आहे.

म्हणून डॉक्टर, परिचारिका व सुईण ह्या सर्वांस हे प्रश्न विचारण्याचें शिक्षण सक्तीनें दिलें जावें. मात्र गुणांची बेरीज म्हणजे निदान नव्हे. आणि विचारून पुढें उपचाराची सोय न करणें ही क्रूर थट्टा होय.

आपल्यांपैकीं डॉक्टर थोडेच होतील. भाऊ, बहीण, मामा, मावशी मात्र बहुतेक सर्वच होतील. नव्या बाळास पाहावयास जाल तेव्हां टोपडें-झबलें अवश्य न्यावें, परंतु बाळाच्या आईजवळ क्षणभर बसून "तुझें कसें आहे?" असें विचारावें, आणि उत्तर संपेपर्यंत उठूं नये.